कोथिंबीर धरून सोळा!

ऐकलंत का? शेजारच्या बिल्डिंगमधल्या वहिनींच्या गौरीपुढे यंदा ब्रोकोली होती. हो, ब्रोकोली! पडवळ, दोडका, गवार, लाल भोपळा असल्या खानदानी मंडळींच्या पंक्तीला थेट ब्रोकोली, आणि वर साजूक तुपाची धार. का, तर म्हणे नैवेद्याच्या सोळा भाज्या भरत नव्हत्या. आता बोला! वर्षाकाठी तीन दिवस माहेरी येणाऱ्या गौराईनं हे प्रकरण ओळखायचं तरी कसं?

पण एकट्या वहिनींना नावं ठेवून काय उपयोग? घरोघरी त्याच चुली. अनुराधा नक्षत्रावर यायचं, ज्येष्ठेवर जेवायचं, मूळ नक्षत्रावर निघायचं, असा हा आटोपशीर पाहुणचार. आल्या दिवशी बऱ्याच घरांत शेपूची भाजी आणि भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. संपलं! हे एवढंसं प्रकरण लग्नाच्या मांडवाएवढं कुणी केलं? गौरी येणार दोन आणि पानं मांडायची चाळीस? विदर्भात तर विचारूच नका. तिथं त्या महालक्ष्म्या, आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला नाही म्हणायची कुणाची टाप नाही. एका संध्याकाळी तीन घरची आंबील पिऊन चौथ्या घरी ‘थोडंसंच वाढा हं’ म्हणणारे महाभाग आपण पाहिलेत. थोडंसं म्हणजे किती? चार पोळ्या, आणि बुडतील एवढं तूप.

२०२५ साली पूजन आलं १ सप्टेंबरला, तेही सोमवारी. त्या दिवशी किती जणांना अचानक ताप भरला, हे ऑफिसातल्या साहेबांना विचारा. साहेब सांगायचे नाहीत. तेही घरी बसून खोबरं खवत होते.

आणि पुरुष मंडळी! ज्या काकांना चाळीस वर्षं मिठाची बरणी सापडली नाही, ते आता पुरणाचे अधिकारी झालेत. डाळ किती शिजली, गूळ कधी घालायचा, जायफळ किती किसायचं, सगळ्यावर व्याख्यान. पुरणात उलथणं उभं राहिलं की पुरण झालं, हे काकूंना लग्नाआधीपासून ठाऊक आहे. काकांना ते गेल्या महिन्यात एका व्हिडिओत समजलं, तेव्हापासून ते शोध लावल्यासारखे सगळ्यांना सांगत सुटलेत. उभ्या उलथण्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर तीन बाजूंनी आला. काकूंचा फोटो कुठे? काकू कटाची आमटी ढवळत होत्या, त्यांना कोण टिपणार!

धाकट्या जाऊबाईंचा तर किस्साच निराळा. ‘आम्ही नाही बाई असलं अवडंबर करत, भाजी-पोळीचा नैवेद्य पुरे,’ असं दोन वर्षं नाक वर करून सांगणाऱ्या बाई या वर्षी भाड्याची पातेली घेऊन रिक्षातून उतरताना दिसल्या. पातेली किती? मोजली नाहीत. (अकरा.) केळीची पानं आदल्या रात्री ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाज्या, याचा नकाशा फ्रिजवर चिकटवलेला. मुलानं चुकून लोणचं उजवीकडे वाढलं, तर बाईंनी ते अख्खं पान मागे घेतलं! सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कौतुकाचं की चटणीच्या तिखटाचं, ते विचारायची सोय नव्हती.

परदेशातल्या आपल्या लोकांची तऱ्हा आणखी न्यारी. तिथं गौरीसुद्धा शनिवार-रविवार बघून येतात. नक्षत्र राहिलं आकाशात, पंक्ती बसली सुट्टीच्या दिवशी. मग पहाटे इथे आईला व्हिडिओ कॉल, ‘आई, पोळी फुटतेय!’ आई झोपेतच म्हणते, ‘कणीक सैल भिजव.’ सात समुद्रांपलीकडे पोळी फुगते आणि इथे आईची झोप उडते ती उडतेच.

आता मुख्य मुद्दा, सोळा. या आकड्यानं भल्याभल्यांना खोटं बोलायला लावलंय. बटाटा सुका आणि बटाटा रस्सा, झाल्या दोन. कोथिंबीर? पालेभाजीच की ती! कढीपत्ता? तो झाडाला लागतो, म्हणजे भाजीच. बाजारात चिरून ठेवलेला मिश्र भाज्यांचा वाटा घ्यायचा आणि ‘सगळं पहाटे उठून चिरलं’ म्हणायचं, ही तर आता रीतच झाली. विकतच्या पोळ्या घरच्या तव्यावर तूप सोडून पुन्हा शेकल्या की त्या घरच्याच झाल्या, नाही का?

आपण मात्र यातले नव्हे. आपण फक्त जेवायला जातो. वहिनींकडे पानावर बसल्या बसल्या, श्लोक चालू असताना, आपण भाज्या मोजल्या, एवढंच. दोनदा मोजल्या. पंधरा भरल्या! ब्रोकोली धरून पंधरा! त्या क्षणी जी तृप्ती झाली, ती नंतरच्या तीन पोळ्यांनीही झाली नाही.

उठताना वहिनींनी हळूच विचारलं, ‘तुमच्याकडे किती झाल्या हो?’

‘सोळा,’ आपण म्हणालो. आवाज जरासुद्धा कापला नाही.

‘कोथिंबीर धरून?’

‘अहो, कोथिंबीर धरावीच लागते.’

वहिनी हसल्या आणि आपल्याला न विचारता चौथी पोळी डब्यात घातली.