मिक्सरच्या वेळचं इंटरनेट

जाड भिंतींच्या जुन्या घरात वायफाय माजघर ओलांडेपर्यंत धापा टाकायला लागतं. भिंत फोडून केबल न्यावी म्हटलं तर घरातले वडीलधारे आडवे येतात, कारण रंग नुकताच दिलेला असतो. (रंग नेहमी नुकताच दिलेला असतो.) अशा घरांसाठी पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टर. एक डबी राउटरजवळच्या सॉकेटात, दुसरी आतल्या खोलीत. मधली वायर भिंतीत आहेच. वीज ५० हर्ट्झने जाते, डेटा काही मेगाहर्ट्झने; एकाच तारेतून जाऊनही दोघांची गाठ पडत नाही.

पण ती तार मुळात पंखे-दिव्यांसाठी टाकलेली. तिच्यात शिरलेल्या इंटरनेटला सगळ्या घराशी जमवून घ्यावं लागतं. चटणीसाठी मिक्सर फिरला, की त्याच्या ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तारेत उतरतो आणि मीटिंगमधले साहेब तोंड उघडं ठेवून थिजतात. मिक्सर निदान आरडाओरडा करून काय ते करतो. हलका चार्जर दिवसभर मुकाट्याने तेच करत असतो. माडीला वेगळी फेज असेल तर वर सिग्नल झिरपेल तेवढाच. त्यासाठी वायरमनला बोलवावं. इंटरनेटसाठी बोलावलंय म्हटल्यावर तो आधी तुमच्याकडे बघेल, मग मीटरकडे.

सगळ्यात घात करतो तो काळजीवाहू माणूस. महागाची वस्तू म्हणून तो अ‍ॅडॅप्टर स्पाइक गार्डमध्ये खोचतो. चांगल्या स्पाइक गार्डचं कामच तारेतली असली जलद कंपनं गिळायचं, आणि आपला डेटा म्हणजे तीच कंपनं! डबी थेट भिंतीतल्या सॉकेटात लावावी.

अ‍ॅडॅप्टरच्या खोक्यावरच्या ५०० मेगाबिटच्या आकड्याला मुलीकडच्यांनी सांगितलेल्या वयाइतकीच किंमत द्यावी. तो जाण्या-येण्याचा मिळून, आदर्श तारेवरचा. आणि पुष्कळदा डबीला केबलचं तोंड १०० मेगाबिटचंच असतं.

साध्या नेटवर्क केबलवर मात्र कुणी संशय घेत नाही. तिच्यात तारांच्या चार जोड्या. १०० मेगाबिटला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. क्लिपमध्ये एखादी तार नीट बसली नसेल, तर दोन्हीकडची यंत्रं बहुतेक वेळा न बोलता १०० वर तडजोड करतात. तेव्हा मोठा प्लॅन घेऊनही स्पीड टेस्ट ९४-९५ ला अडकत असेल, तर कंपनीशी भांडण्याआधी केबल बदलून बघावी. कस्टमर केअरवाला राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगेलच. तेही करावं, त्याचंही मन राहतं.