साठफ्रेमे

आडनाव साठेच. पण डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत त्यांना साठफ्रेमे म्हणतात आणि हे त्यांनी स्वतःच ओढवून घेतलंय. सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्याच्या हातात प्रसाद पडायच्या आत विचारतात, "तुमच्याकडे प्लेस्टेशन आहे ना? किती फ्रेम मिळतात? तीस? अरेरे!" घरात कुणी अंथरुणाला खिळल्याचं कळावं, तसा सूर. सेकंदाला साठ चित्रं सरकल्याशिवाय खेळाला खेळ म्हणू नये, हा त्यांचा मूळ सिद्धान्त. आता घरचा मॉनिटर 144 हर्ट्झचा असल्यामुळे साठसुद्धा त्यांना दारिद्र्य वाटतं. नाव मात्र जुनंच राहिलं.

लॅमिंग्टन रोडला कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात हे त्यांना सांगून पटत नाही, पण तिथे कुठल्या जिन्याखाली एसएमपीएस कितीला मिळतो हे तोंडपाठ. दसऱ्याला झेंडूची माळ आधी कॅबिनेटला, मग स्कूटरला. 2021 साली नाणी खणणाऱ्यांनी जगभरची ग्राफिक्स कार्डं पळवली आणि भाव दुप्पट झाले, तेव्हा इथेरियमच्या नावाने त्यांनी जी बोटं मोडली ती लिहिण्यासारखी नाहीत.

त्यांना खेळताना पाहणं हा निराळाच अनुभव. पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमचा आकडा हिरव्या अक्षरांत चालू असतो आणि साठफ्रेम्यांची नजर तिथेच. समोरून शत्रू येतो, गोळी घालतो, हे आडवे. "मेलो," ते समाधानाने म्हणतात, "पण 144 वर मेलो!" मग खेळ बंद करून सेटिंग उघडतात. सावल्या 'हाय'वरून 'मीडियम'वर आणतात, पुन्हा 'हाय'वर नेतात. त्यांनी एखादा खेळ शेवटपर्यंत नेल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. त्यांचा भाचा मात्र टीव्हीसमोर लोळत, चिवड्याच्या हातानेच कंट्रोलर धरून, एकामागून एक खेळ संपवतो. याचं त्यांना खरं दुःख आहे.

"कन्सोल म्हणजे खानावळ रे," ते भाच्याला सांगतात. "ताटात पडेल ते गिळायचं. पीसी म्हणजे स्वतःचं स्वयंपाकघर." बरोबरच आहे. फक्त मामांच्या स्वयंपाकघरात बारा महिने ओट्याचं काम चालू असतं.

पण त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. जीटीए सॅन अँड्रियासच्या रस्त्यावर त्यांनी बेस्टची लाल बस आणून सोडली होती, तीही पाटीसकट. हे भाच्याच्या डब्यात कुठून व्हायचं? जीटीए फाइव्ह कन्सोलवर सप्टेंबर 2013 ला आला आणि पीसीवर एप्रिल 2015 ला. मधली दीड वर्षं ते ताठ मानेने थांबले. "ते लोक आपल्यासाठी चाचणी घेताहेत," असं म्हणायचे. रेड डेड रिडेम्प्शन टू पीसीवर एक वर्ष उशिरा आला, तेव्हाही हेच. 'पीसी गेमिंग संपलं' असं कुणी म्हटलं की त्यांना हुशारी येते. हे भाकीत ते सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायचे तेव्हापासून ऐकताहेत आणि दर वेळी त्यांनी त्यावर नवी रॅम घेतली आहे.

घात केला तो विजयाने. 2013 च्या प्लेस्टेशन फोरपासून कन्सोलच्या पोटातही एएमडीचा, संगणकाच्याच जातीचा प्रोसेसर बसू लागला. सोनीचा 'गॉड ऑफ वॉर', जो पाहायला हे भाच्याकडे 'सहज' जायचे, 2022 च्या जानेवारीत पीसीवर आला. मायक्रोसॉफ्ट तर एक्सबॉक्ससाठी केलेले आपले खेळ पहिल्याच दिवशी विंडोजवरही देते. आणि त्याच 2022 साली स्टीमवाल्या व्हॉल्व्हने स्टीम डेक काढला: हातात धरायचा, सोफ्यावर लोळून खेळायचा, पण आत अस्सल पीसी. भाच्याने तोच घेतला आणि विचारलं, "मामा, आता मी तुमच्यातला की त्यांच्यातला?" साठफ्रेमे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. शत्रूच आपल्या दारात राहायला आला, तर भांडायचं कुणाशी? यापुढे कन्सोल आणि पीसी यांतला फरक डब्याच्या आकारापुरताच उरेल, असं मला वाटतं. पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही.

जीटीए सिक्सने त्यांना पुन्हा उभारी दिली. रॉकस्टारने 19 नोव्हेंबर 2026 ही तारीख जाहीर केली ती फक्त प्लेस्टेशन फाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी; पीसीचं नावही नाही. साठफ्रेम्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, "थांबू. दोन वर्षं थांबू. आपण काय खानावळीतले आहोत?" त्याच रात्री गॅलरीतून त्यांचा दबका आवाज ऐकू आला.

"अरे, 19 ला गुरुवार आहे. रजा टाकून तुझ्याकडे येईन म्हणतो. सहजच. तुझ्या टीव्हीचं सेटिंग लावून देतो."

फोन स्पीकरवर होता. भाचा म्हणाला, "या की. पण मामा, तीसच फ्रेम असतील हं कदाचित."

"चालेल रे," साठफ्रेमे म्हणाले. "जरा लांब बसेन."