शंभर किलोचा वायदा

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही जिममध्ये डोकवावं, दृश्य एकच. पायांच्या मशीनवर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला असतो आणि बेंच प्रेसच्या बाकापाशी सात-आठ जण पाण्याच्या बाटल्या घेऊन ताटकळत असतात. सोमवार छातीचा, हा नियम कुठल्या ग्रंथात सांगितलाय कोण जाणे, पण संकष्टीच्या उपासाहून तो कडक पाळला जातो.

रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात आकडाही एकच असतो. शंभर. अंधेरीच्या सीप्झमधला संगणकवाला असो की मुलुंडचा आर्टिकलशिप करणारा सीएचा विद्यार्थी, ९५ किलोत त्याला रस नसतो आणि १०५ची स्वप्नं पडत नाहीत. "सर, शंभर मारायला किती दिवस लागतील?" हे तो पहिल्याच दिवशी विचारतो. सर आधी रजिस्टर बघतात. तीन महिन्यांचं पॅकेज असेल तर तीन महिने लागतात, वर्षाचं असेल तर वर्ष. फॉर्म अजून भरायचाच असेल, तर "तुझी बॉडी बघता लवकर होईल."

हा वायदा अगदीच थापेचा नसतो. त्यामागे एक गणित असतं आणि सुरुवातीला ते बरोबरही येतं. ऑलिम्पिक रॉड २० किलोचा. दर आठवड्याला अडीच किलो वाढवायचे. बत्तीस आठवड्यांत शंभर, म्हणजे संक्रांतीला श्रीगणेशा केला की गणपतीच्या सुमारास काम फत्ते. गणित इथेच थांबवलं तर कुणाचीच तक्रार नाही. पण कागद-पेन हातात आहेच, तर थोडं पुढे जाऊन बघावं. याच हिशेबाने १३४ आठवड्यांनी, म्हणजे दोन वर्षं आणि साधारण सात महिन्यांनी, बोरिवलीच्या या मुलाच्या छातीवर ३५५ किलो असतील. अमेरिकेच्या ज्युलियस मॅडॉक्सने २०२१ साली बेंच शर्टाशिवाय, म्हणजे उचलायला मदत करणारा घट्ट शर्ट न घालता, उचललेलं विक्रमी वजन तेवढंच आहे. आजवर हे गणित कुठेतरी मध्येच अडलं म्हणून, नाहीतर पश्चिम उपनगरातून दर तिसऱ्या वर्षी एक विश्वविक्रमवीर बाहेर पडला असता.

अडतं कुठे, हे कळायला आधी ते सुरुवातीला इतकं सुसाट का धावतं ते बघावं लागतं. घरी फरशीवर पंचवीस जोर सहज काढणारा मुलगा रिकाम्या रॉडखाली पहिल्या दिवशी थरथरतो. डावा हात वर, उजवा अर्ध्यावर, रॉड कलंडतोय, आणि शेजारचे काका कानातलं गाणं बंद करून मदतीला धावलेले. वास्तविक साध्या जोरात शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. म्हणजे साठ किलोचा हा मुलगा घरी चाळीस किलो ढकलतो आणि इथे वीस किलोंशी झुंजतो! फरक इतकाच की फरशी हलत नाही, रॉड हलतो. बळ असतं, पण ते कुठल्या स्नायूने, कुठल्या क्षणी, किती लावायचं याची आज्ञा मेंदूकडून धड सुटत नसते. मोरितानी आणि डिव्ह्रीज या संशोधकांनी १९७९ साली हीच गोष्ट दाखवून दिली: पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येते, स्नायूंची जाडी त्यानंतर हिशेबात येऊ लागते. मुंबईत नवा आलेला माणूस पहिल्या दिवशी घाटकोपरला तीन लोकल सोडतो आणि महिन्याभरात पहिलीतच चढतो, तसंच हे. महिन्याभरात त्याचे दंड फुगलेले नसतात. कुठे उभं राहायचं आणि कुठला पाय आधी टाकायचा, एवढं कळलेलं असतं.

हे शिकणं संपलं की भराभर चढणारा आकडा दमतो. आता खरोखरीचा स्नायू तयार व्हायला हवा आणि त्याला रजिस्टर वाचता येत नाही. जाणत्या प्रशिक्षकांना एकांतात गाठलं, काउंटरपासून लांब, तर ते जो ठोकताळा सांगतात तो असा. पासष्ट-सत्तर किलोचा, धडधाकट, आठवड्यातून दोनदा नीट बेंच करणारा तरुण तीन महिन्यांत चाळीस-पंचेचाळीसच्या घरात येतो. साठ किलो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मोठी प्लेट, सहा-आठ महिन्यांत. स्वतःच्या वजनाइतकं उचलायला वर्ष, कधी दीड. त्यानंतर वर्षाला दहा-पंधरा किलो वाढले तरी पेढे वाटावेत. शंभरला तीन वर्षं लागतात, चारही लागतात, आणि अंगकाठीने बारीक असलेल्या कितीतरी जणांना तो आकडा कधीच भेटत नाही. त्यात त्यांचं काही बिघडत नाही. बेंच शंभर नाही म्हणून बोरिवलीत कुणाचं लग्न मोडल्याचं ऐकिवात नाही.

पण ठोकताळ्याशी ताडून बघायला आधी आपण उचलतो किती, हे ठाऊक हवं. इथे उपनगरी जिमचं एक स्वतंत्र मोजमापशास्त्र सुरू होतं. गल्लीतल्या जिममधला रॉड बारा किलोचा की आठ, हे मालकालाही माहीत नसतं. त्यामुळे रॉड मोजायचाच नाही अशी प्रथा. "किती मारतोस?" "वीस-वीस." हे चाळीस की साठ, ते ज्याने त्याने श्रद्धेनुसार ठरवायचं.

याहून मोठा घोटाळा सपोर्टचा. सेट जड होऊ लागला की डोक्याशी एक मित्र उभा राहतो आणि रॉडखाली दोन बोटं लावतो. मुंबईच्या जिममध्ये त्या क्षणी सगळे मराठी मित्र हिंदीत शिरतात: "तेरा है, तेरा है! अकेला, अकेला!" हे ओरडताना ओरडणाऱ्याचा चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा ताठ, कंबर वाकलेली. खालचा ऐंशी किलोंचा बेंच मारत असतो आणि वरच्याचा पाठीचा व्यायाम फुकटात उरकत असतो. सेट संपल्यावर वरचा हात झटकत म्हणतो, "मी नुसता हात लावला होता." मैत्रीखातर उपनगरात यापेक्षा जास्त खोटं फक्त "निघालोय, दादरला पोचलो" म्हणताना बोललं जातं. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत हा प्रकार खपत नाही. तिथे रॉड छातीवर आणून स्थिर धरायचा, पंचाने "प्रेस" म्हटल्यावरच ढकलायचा, नितंब बाकाला टेकलेले, आणि मध्येच दुसऱ्या कुणाचा हात लागला की ती उचल बाद. हा नियम सोमवारी संध्याकाळी लावून पाहावा. निम्मी शतकं जागच्या जागी सत्तरीवर येतील.

मग आडवं येतं पंचांग. वर्षाचे आठवडे बावन्न हे कॅलेंडरपुरतं. मराठी माणसाच्या बेंचला तेवढे मिळत नाहीत. संक्रांतीचे तिळगूळ पचवून गाडी रुळावर येते तोच मार्च एंड. सीएचा विद्यार्थी ऑफिसातच राहायला जातो. मे महिन्यात गाव, आंबे आणि "एवढा वाळलास कसा रे?" म्हणणारी आत्या. जुलैत रुळांवर पाणी, श्रावणात सोमवार, म्हणजे नेमका छातीच्या दिवशी उपास आणि साबुदाण्याची खिचडी. गणपतीत कोकण आणि उकडीचे मोदक. नवरात्रात बोरिवलीचा गरबा, त्यात खांद्यांची व्हायची ती दशा होते. मग फराळ, मग तुळशीचं लग्न लागून गेल्यावर माणसांची लग्नं. इतकं करून डिसेंबरात आरशापुढे "काहीच फरक नाही" म्हणत उभं राहायचं.

यात दिलाशाची बाब अशी की दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीने कमावलेली ताकद फारशी जात नाही आणि जी जाते ती नव्याने मिळवण्यापेक्षा खूप लवकर परत येते. तेव्हा मोदकांना दोष देऊ नये. दोष द्यायचाच तर झोपेच्या खोबऱ्याला द्यावा: रात्री बारापर्यंत मोबाइल, पहाटे साडेचारचा गजर, मधल्या वेळात स्नायूने वाढावं अशी अपेक्षा आणि सकाळी चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने डुलकी.

जेवणाचं गणितही असंच अवघड जागेचं दुखणं. व्यायाम करणाऱ्याला रोज वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात, असं २०१८च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. पासष्ट किलोच्या माणसाला ती १०४ ग्रॅम होतात. एका अंड्यात सहा ग्रॅम धरले तर दिवसाला सतरा अंडी! ज्या सोसायटीत कांद्याच्या वासावरून नोटीस लागते, तिथे ही टरफलं कुठल्या पिशवीतून खाली न्यायची? आई म्हणते, "वरणभात खा, त्यात सगळं असतं." असतं, पण थोडं असतं. दूध, दही, पनीर, उसळी आणि सोयाबीनच्या वड्या यांची जोड दिली की शाकाहारी घरातही आकडा जमतो. फक्त सोयाबीनची भाजी चौथ्या दिवशी पानात आली की वडील ताट सरकवून बाहेर जातात.

बायकांच्या वाट्याला या सगळ्यात आणखी एक अडचण येते. ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगमधला स्त्रियांचा रॉड १५ किलोचा, पण तो उपनगरातल्या फार थोड्या जिममध्ये सापडतो. घाटकोपरच्या बँकेत नोकरी करणारी ताई बेंचकडे वळली की ट्रेनर तिला लगबगीने दोन किलोंची गुलाबी डंबेल्स आणून देतो. खरं तर शेकडेवारीत बघितलं तर नवशिक्या बायकांची ताकद पुरुषांच्याच वेगाने वाढते. मूळ आकडा लहान असल्यामुळे किलोत ती कमी दिसते, एवढंच. रिकाम्या रॉडपासून सुरुवात करून वर्षाने पस्तीस-चाळीस किलो नीट दाबणारी बाई सोमवारच्या रांगेतल्या अनेक शूरांपेक्षा अधिक प्रामाणिक बेंच करत असते.

वजन हळूहळू चढवायचं तंत्र उपनगराला नवं नाही. जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने १० ऑगस्ट २०१२ला ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विश्वविक्रम केला. पथकांचा सराव बहुधा गुरुपौर्णिमेला सुरू होतो. गोपाळकाल्यापर्यंत हाताशी जेमतेम सव्वा महिना असतो. तरीही पहिल्या संध्याकाळी कुणी नऊ थरांना हात घालत नाही. आणि तळाशी उभे राहणारे गडी त्या सव्वा महिन्यात घडलेले नसतात, ते वर्षानुवर्षं तिथेच उभे असतात. पॅरा-पॉवरलिफ्टिंगमध्ये तर बेंच प्रेस हा एकच प्रकार असतो. त्यात पंजाबच्या राजिंदरसिंग राहेलूने २००४च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये ५६ किलो गटात १५७.५ किलो उचलून कांस्यपदक मिळवलं. या खेळाला त्याने सुरुवात केली होती नव्वदच्या दशकात. बत्तीस आठवड्यांचं पॅकेज त्याला बहुतेक कुणी विकलं नसावं.

आता उरली एक अगदी किरकोळ वस्तू, जिच्यापायी हजारो बेंच अडून बसले आहेत. नवशिक्याचे पहिले महिने सरले की त्याला एका वेळी अडीच किलोच पेलतात, पुढे तेही जास्त होतात. अडीच किलो वाढवायला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट लागते. बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट असते अडीचची, म्हणजे वाढ थेट पाच किलोंची. पन्नासवरून पंचावन्नवर उडी म्हणजे दहा टक्के. पगारातसुद्धा हल्ली कुणाला एका फटक्यात एवढी वाढ मिळत नाही. मुलगा उडी मारतो, आपटतो, मित्राची दोन बोटं बोलावतो आणि तिथून पुढे त्याचा सगळा हिशेब खोटा होत जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांचे गुडघे बरे करताना थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने वजन पायरीपायरीने वाढवण्याची पद्धत बसवली, १९४५ साली ती छापून आली. पायरी चढता येण्याजोगी ठेवायची, एवढी साधी तिची अट.

तेव्हा उपनगरातल्या समस्त जिममालकांना विनंती: नवी म्युझिक सिस्टिम पुढच्या वर्षी घ्या, आरशांभोवतीच्या निळ्या दिव्यांनाही घाई नाही. सव्वा किलोच्या प्लेटांची एक जोडी काही शे रुपयांत येते, ती आधी आणा. आणि मालक मनावर घेत नसेल, तर वाचकांनी आपली जोडी स्वतः विकत घ्यावी, जिमच्या बॅगेत टाकावी आणि जाताना आठवणीने परत न्यावी; रॅकवर राहिली तर ती मंगळवारपर्यंत टिकत नाही.