गुपिताचं वजन

गुप्त फायली फुटल्याची बातमी आली की लोक फोडणाऱ्याच्या निष्ठेवर बोलतात. मला त्याच्या कमरेची काळजी वाटते.

डॅनिअल एल्सबर्ग यांचंच घ्या. व्हिएतनाम युद्धावरच्या गुप्त सरकारी अहवालाची सुमारे 7,000 पानं त्यांनी 1969 साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स केली. कागद ब्रीफकेसमध्ये भरून पहारेकऱ्यासमोरून बाहेर आणायचे, ओळखीतल्या एका जाहिरात कंपनीच्या ऑफिसात रात्रभर एकेक पान काचेवर पालथं घालायचं आणि मूळ प्रती गुपचूप जागेवर ठेवून यायच्या. 13 वर्षांच्या मुलाला मशीनवर उभं केलं. 10 वर्षांच्या मुलीच्या हातात कात्री दिली, 'टॉप सीक्रेट' एवढं कापून टाकायला. आमच्याकडे घरची पोरं अशी कामाला जुंपतात ती फक्त दिवाळीच्या फराळाला.

कॉम्प्युटर आल्यावर तरी सोय व्हावी? छे! आयबीएमचा 1956 सालचा रॅमॅक म्हणजे हार्ड डिस्कचा मूळ पुरुष. 24 इंची 50 तबकड्या, वजन टनभर, आणि मावणार 50 लाख अक्षरं. आज मोबाइलवर 'शुभ सकाळ'चा गुलाब येतो, तोही कधी कधी याहून जड असतो. हे धूड विमानात चढवायला फोर्कलिफ्ट लागे. ते पळवणार कोण आणि लपवणार कुठे?

आमच्या ऑफिसात फ्लॉप्या आल्या तेव्हा गोपनीयतेला बहर आला. चपला बाहेर, एसी चालू, फ्लॉप्यांच्या डबीला इवलंसं कुलूप आणि किल्ली साहेबांच्या पाकिटात. ती डबी कुलपासकट उचलून पिशवीत टाकता आली असती, हे कुणी साहेबांना सांगितलं नाही. खरा पहारा पावसाळ्याचा. जुलैत फ्लॉपीवर पांढरी बुरशी धरली की ड्राइव्ह करकरायचा आणि पडद्यावर 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' उमटायचं. आम्ही श्रद्धेने रिट्राय दाबायचो. त्यातूनही फाइल उघडलीच, तर समोरच्या मशीनवर आमचा मराठी फॉण्ट नसायचा. बढत्यांची गोपनीय यादी टिंबं, कंस आणि डॉलरच्या खुणांत दिसायची. असली सांकेतिक लिपी कुठल्या हेरखात्याला जमली असेल असं वाटत नाही.

मग काळ हलका होत गेला. अमेरिकी सैनिक चेल्सी मॅनिंग यांनी इराकमधल्या लष्करी तळावर सीडीवर 'लेडी गागा' लिहिलं आणि गाण्यावर ओठ हलवत गुप्त माहिती उतरवून घेतली. 2010 साली जगभर गहजब झाला. कमरेला मात्र काही त्रास नाही.

2016 सालचे पनामा पेपर्स तर 2.6 टेराबाइट. मी सवयीने हिशेब मांडला. साडेतीन इंची, 1.44 एमबीच्या साधारण 18 लाख फ्लॉप्या झाल्या. एकावर एक रचल्या तर साडेतीन कळसूबाई. ज्याच्या हाती ते पेपर्स लागले त्या म्युनिकच्या वृत्तपत्रात कुणी तरी त्या एकेक करून घालत बसलाय, पडदा 'पुढची डिस्क घाला' म्हणतोय, आणि सतरा लाखाव्या फ्लॉपीला बुरशी!