टँकरवाल्याला विचारा

जून उजाडला की पुण्यात दोन गोष्टी उतरतात, पाऊस आणि भाडेकरू. पाऊस कुठे पडणार याचा अंदाज शिवाजीनगरची वेधशाळा देते. भाडेकरू कुठे पडणार हे एजंट ठरवतो, आणि तो वेधशाळेइतकाही संकोच करत नाही.

लातूर, परभणी, सांगलीहून आलेल्या पोराच्या खिशात ऑफर लेटर असतं आणि डोक्यात एकच अट, ऑफिसजवळ. एजंटला तेवढं पुरतं. तो नकाशा दाखवत नाही, नावं ऐकवतो. वाघोली म्हटलं तर गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून 'अप्पर खराडी'. उंड्रीचं झालं 'एनआयबीएम ॲनेक्स'. सूस-म्हाळुंगे म्हणजे 'बाणेरला लागूनच'. पूर्वी पुण्यात अप्पर एकच होतं, बिबवेवाडीचं. तिथे जायला बस मिळायची आणि राहायला कुणी जादा पैसे मागत नव्हतं. आता ज्या गावाला भाडं वाढवायचंय, त्याला आधी अप्पर करतात.

मग अंतर. 'हिंजवडी इथून फक्त चार किलोमीटर' असं सांगणारा एजंट खोटं बोलत नसतो, तो फक्त घड्याळाबद्दल गप्प बसतो. वाकडचा भूमकर चौक सकाळी नऊ वाजता ज्याने पाहिलाय तो किलोमीटर हा शब्द पुन्हा उच्चारत नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं. रुळांवर गाडी यायच्या कितीतरी वर्षं आधी ती त्या पट्ट्यातल्या भाड्यांमधून धावू लागली होती. तेव्हा घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. रविवारी दुपारी पुण्यातला प्रत्येक रस्ता रुंद असतो. सोमवारी सकाळी त्या घरापासून ऑफिसच्या गेटपर्यंत दुचाकी काढा. एजंट सोबत येणार नाही, त्याला ठाऊक असतं.

आता पाण्याकडे या, कारण पुण्यात एरिया म्हणजे मुळात पाणीच.

महापालिकेने 2017 मध्ये 11 गावं पोटात घेतली, 2021 मध्ये आणखी 23. क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकलं म्हणून आपण छाती फुगवून घेतली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची परत बाहेर निघाली, तो भाग वेगळा. तिथल्या लोकांनी कर, कचरा आणि महापालिका हे तिन्ही अनुभवलं. उरलेल्या गावांत हद्द झटकन पोचली, पालिकेची पाटी पोचली, कराची बिलं पोचली. नळ मात्र अजून सगळीकडे पोचलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यावर किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघाले, तेव्हा पहिलं बोट गेलं ते पिण्याच्या पाण्याकडेच. तोवर त्या भागातल्या जाहिरातीत 'चोवीस तास पाणी' हे शब्द सुखाने नांदत होते. चोवीस तास होतंच ते. कुठलं होतं, हे जाहिरातीत लिहीत नाहीत.

म्हणून घरमालकाला पाण्याबद्दल काही विचारू नका. तो 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणेल, आणि त्याच्यापुरतं ते खरंच आहे, तो तिथे राहत नाही. सोसायटीच्या गेटावर उभे राहा. वॉचमनला विचारा, दिवसाला किती टँकर येतात. एप्रिलमध्ये किती येत होते, तेही विचारा. टँकरवालाच भेटला तर देव पावला. त्याला सोसायटीची टाकी केवढी, माणसं किती आणि सेक्रेटरी पैसे किती लांबवतो हे सगळं माहीत असतं. मग घरमालकाकडे जा आणि एवढंच विचारा, की टँकरची वर्गणी भाड्यात धरलीय की वेगळी. तो पहिल्यांदाच अडखळेल.

पाणी नसण्याची एक तऱ्हा झाली, असण्याचीही आहे. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पहाटे पाण्यात गेली. सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याने रात्रीतून माणसं नेली. पूररेषा दोन असतात: निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. फ्लॅटच्या जाहिरातीत 'रिव्हर व्ह्यू' असतो, यातली एकही रेषा नसते. तळमजला स्वस्त का मिळतोय, हा प्रश्न शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा. तो बोटाने भिंतीवरची ओल दाखवेल.

एवढं सगळं बघून तुम्ही एरिया निवडलात असं समजू. आता एरिया तुम्हाला निवडतो.

पहिला प्रश्न बजेटचा असेल असं वाटतं ना? पहिला प्रश्न आडनावाचा. दुसरा, फॅमिली की बॅचलर. तिसरा, व्हेज का. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लावणारं हे शहर भाडेकरू मात्र शाकाहारी मागतं. बॅचलर मुलगा म्हणजे दारू, बॅचलर मुलगी म्हणजे भानगड, चार मुलं एकत्र म्हणजे दोन्ही, अशी सोसायटीची बेरीज पक्की असते. त्याच सोसायटीच्या अध्यक्षांचा मुलगा बंगळुरूला तीन बॅचलरांसोबत राहतो आणि 'तिथले घरमालक फार त्रास देतात, दहा महिन्यांचं डिपॉझिट मागतात' म्हणून ते मीटिंगमध्ये हळहळतात.

आणि काही माणसांचं तर नाव ऐकताच फ्लॅट 'कालच गेला' होतो. सकाळी जाहिरात, दुपारी फोन, नाव सांगितलं की काल गेलेला. संध्याकाळी तीच जाहिरात पुन्हा. अशा माणसांना एरिया निवडायचा सल्ला देणं ही चेष्टा आहे. 'ते सगळे कोंढव्यातच का राहतात हो?' असं विचारणारे गृहस्थ प्रभात रोडवरचा स्वतःचा रिकामा फ्लॅट त्यांना दाखवत नाहीत. सोसायट्यांच्या नियमावलीत हे कुठे लिहिलेलं नसतं. लिहायची गरजच पडत नाही.

बाकीची माणसं ठिकाणाची निवड जरा गमतीनेच करतात. नगरकडची वाघोलीत, सोलापूरकडची हडपसरला, सातारा-कोल्हापूरकडची कात्रज-वारज्याला थांबतात. गावाकडून येणारा रस्ता शहरात जिथे शिरतो तिथेच बिऱ्हाड टाकायचं, म्हणजे शनिवारी ऑफिसातून थेट निघता येतं आणि आईने दिलेली ज्वारीची गोणी फार लांब वाहावी लागत नाही. याला मी बिलकूल हसणार नाही. एजंटच्या सगळ्या यादीपेक्षा हा निकष शहाणा आहे. स्पर्धा परीक्षावाल्या मुलांना तोही पर्याय नाही: सदाशिव पेठ, नारायण पेठ, कॉट बेसिस. तिथे घर भाड्याने मिळत नाही, खाट मिळते, आणि एरिया म्हणजे अभ्यासिका आणि मेस यांच्यामधली गल्ली.

शेवटी राहिला कागद. एजंट एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेऊन गेला, की घरमालक म्हणतो, 'नोंदणीबिंदणी कशाला, नोटरी करून टाकू, घरचेच आहोत आपण.' अकरा महिन्यांनी घर रंगवायचे पैसे डिपॉझिटमधून कापताना हे घरपण कुठे जातं ते विचारू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, त्यातलं कलम 55 वाचा. भाडेकरार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. करार नोंदवलेलाच नसेल, तर भाडं आणि अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तेव्हा नव्या भाडेकरूंनो, चावी घेण्याआधी मालकाला कलम ऐकवून चिडवू नका. आधार कार्ड घेऊन अंगठा द्यायला या, एवढंच गोड शब्दांत सांगा, आणि तो नाही म्हणाला तर पुढचं घर बघा.