कितीचं मॉडेल?

डिसेंबरात मोटरसायकल घ्यायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे वेगळे शत्रू लागत नाहीत. हितचिंतक पुरतात.

निम्मे म्हणतात, "वेडा आहेस का? थोडं थांब. जानेवारीत घे, नव्या सालाचं मॉडेल मिळेल." उरलेले म्हणतात, "आत्ताच घे. वर्ष संपताना त्यांना स्टॉक काढायचा असतो, मागशील तेवढं कमी करतील." आमच्या सोसायटीतले एक काका मात्र तत्त्वाने चालतात. जुनं मॉडेल कधी घ्यायचं नाही, हे पहिलं तत्त्व. नव्या मॉडेलचा पहिला लॉट कधी घ्यायचा नाही, हे दुसरं. त्यातले दोष म्हणे कंपनी गिऱ्हाइकांकडूनच शोधून घेते. म्हणजे नवं मॉडेल आलं की पहिला लॉट खपेपर्यंत थांबायचं. तो खपतो तोवर डिसेंबर येतो आणि नवं मॉडेल जुनं होतं. काका गेली कित्येक वर्षं रिक्षाने फिरतात.

या सगळ्या तात्त्विक चर्चेच्या मुळाशी आरसीवर छापलेला एक महिना आणि एक साल आहे. गाडी गोदामात प्लॅस्टिकखाली उभी. टाकीत पेट्रोल नाही, चाकाला रस्ता माहीत नाही. एकतीस डिसेंबरला रात्री बारा वाजले की ती एक वर्षाने म्हातारी होते. सरकारला हे मान्य नाही. सरकारच्या लेखी नोंदणी झाली तो दिवस खरा, तिथून पंधरा वर्षं आरसी चालते. पण गाडी विकायला काढा, सरकारला कोण विचारतो? सेकंडहँडवाल्याचे प्रश्न ठरलेले: कितीचं मॉडेल, कितवा मालक, कागद क्लिअर आहेत का. गाडी चालते का, हे तो सगळ्यात शेवटी विचारतो, तेही सवड असली तर.

शोरूममधला तरुण या बाबतीत अतिशय लवचीक असतो. डिसेंबरात तो म्हणाला, "सर, साल कोण बघतं? गाडी तीच, इंजिन तेच." किती कमी करणार, असं विचारलं तर लेग गार्ड, सीट कव्हर आणि टेफ्लॉन कोटिंग फ्री. रोख काही? रोख म्हटल्यावर तो मॅनेजरला विचारून येतो म्हणून आत गेला आणि चहा पिऊन आला. मग मी माझी जुनी गाडी एक्स्चेंजला दाखवली. त्याच टेबलावर, त्याच तरुणाने, त्याच प्रसन्न चेहऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "सर, कितीचं मॉडेल?"

नव्या सालाच्या गाडीत नवीन काय, याचीही चौकशी केली. टाकीवरचा पट्टा आधी लाल होता, आता करडा आहे. हँडलजवळ मोबाइल चार्ज करायची सोय आहे. आणि किंमत वाढली आहे, कारण कच्चा माल महागला. कच्चा माल दर वर्षी नेमका जानेवारीतच कसा महागतो, याचा अभ्यास व्हायला हवा.

बरं, जानेवारीपर्यंत थांबायचं म्हटलं, तर आईने पंचांग काढलं. "पौष लागतोय. पौषात दारात गाडी आणायची नाही." मग संक्रांत आडवी आली. त्यानंतर सरळ गुढीपाडवाच. पाडव्याला शोरूममध्ये इतकी गर्दी असते की गोदामातलं जे हाताला लागेल त्याला हार घालून ते बाहेर आणतात. जानेवारीत घेतली म्हणून जानेवारीची मिळते असंही नाही. मागच्या सालाची उरलेली गाडीच नव्या सालात नोंदवली जाते. खरा जन्म चासी नंबरात दडलेला असतो. सतरा अक्षरं-आकडे. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, का तर एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये. एवढी काळजी घेऊन झाल्यावर सालासाठी एक अक्षर ठेवलंय आणि महिना कुठे लपवायचा हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलंय.

थांबण्याने फायदा होतो की तोटा, हेही कुणी नीट ठरू देत नाही. २९ मार्च २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली आणि पुढचे दोन दिवस काही दुचाक्यांवर बावीस हजारांपर्यंत सूट निघाली. जे थांबले होते ते रांगेत उभे राहिले. जे २८ मार्चला गाडी घेऊन गेले होते त्यांनी, मला वाटतं, पेपर बंद केला असावा. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं, तेव्हा उलटं. थांबणाऱ्यांना गाडी महाग पडली. वर बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर गेला, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर फिरवून 'सेटिंग' करून देणारा गल्लीतला मेकॅनिकही हातचा गेला. २२ सप्टेंबर २०२५ला साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. पुन्हा थांबणारे जिंकले. तेव्हापासून हितचिंतकांना आवरणं कठीण झालंय.

वडिलांना यातलं काही पटत नाही. त्यांच्या तरुणपणी चेतकसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं विसरून जायचं. स्कूटर आली की ती कुठल्या सालाची, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. उलट वापरलेली चेतक नव्यापेक्षा महाग विकली जायची, कारण ती समोर उभी असायची. "तुम्हाला मिळतंय ना, म्हणून हे धंदे सुचतात," असं ते म्हणतात आणि लगेच विचारतात, "पण साल कोणतं आहे म्हणालास?"

मी डिसेंबरची गाडी घेतली. कारण तात्त्विक नव्हतं. जुनी गाडी चौकात बंद पडायला लागली होती. पेढे वाटले. प्रत्येकाने पेढा तोंडात टाकला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "छान आहे. आणखी थोडे दिवस थांबायला हवं होतंस." काकांनी दोन पेढे घेतले.

तेव्हा ओळखीत कुणी गाडी घेतली, तर कृपा करून पेढा घ्या, अभिनंदन म्हणा, फार तर ॲव्हरेज विचारा. कितीचं मॉडेल, ते विचारायला पुढे सेकंडहँडवाला येणारच आहे.