बाडबिस्तरा

पॅसाडेना, 2 फेब्रुवारी 2025

तीर्थस्वरूप बाबांचे चरणी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही सर्वजण कुशल असून घरही जागेवर उभे आहे, हे आपणांस फोनवरून कळविलेच आहे. तथापि ‘पळताना नेलेत काय?’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या धांदलीत राहून गेले, ते आता सवडीने सादर करीत आहे.

7 जानेवारीच्या संध्याकाळी ईटन कॅन्यनमध्ये वणवा पेटला. आपल्याकडे पेंच-ताडोब्याचा वणवा म्हणजे उन्हाळ्याचा पाहुणा; येथे मात्र पाऊस हिवाळ्यात पडतो आणि यंदा तो जवळपास आलाच नाही, त्यामुळे डोंगरावरची झुडपे वाळून खडखडीत झालेली, त्यात सांता आना नावाचा जो वारा आतल्या वाळवंटाकडून समुद्राकडे उतरतो व उतरताउतरता तापून अधिकच कोरडा होतो, तो त्या रात्री डोंगरमाथ्यांवर ताशी 150 किलोमीटरच्या घरात पोहोचला, पाणी टाकणारी हेलिकॉप्टरे खाली उतरवावी लागली, आणि ठिणग्या वस्तीवर येऊन पडू लागल्या. ज्या माउंट विल्सनच्या वेधशाळेत हबल यांनी दूरच्या दीर्घिकांचे वेध घेतले, त्या डोंगराकडील आकाश आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तांबडेलाल दिसत होते.

प्रथम ‘सज्ज राहा’ अशी ताकीद आली व थोड्याच अवकाशाने ‘निघा’ असा हुकूम. मधल्या मुदतीत गृहस्थाने काय गोळा करावे, याची फेरिस्त येथील अग्निशमन खात्याने आधीच तयार ठेवली आहे : माणसे व पाळीव जनावरे, कागदपत्रे, औषधे, छायाचित्रे, संगणक, पैसे. यादी निर्दोष आहे. परंतु ती करणाऱ्या इसमास सासू नसावी.

कारण आपली सून प्रथम धावली ती तिच्या मातोश्रींनी दिलेल्या पैठणीकडे, आणि मी, ज्याने आजवर पुरण कधी वाटले नाही, तो आईने विमानातून मांडीवर घेऊन आणलेले पितळी पुरणयंत्र छातीशी धरून जिन्यात उभा होतो. चिरंजीवांनी शाळेत द्यावयाचा ज्वालामुखीचा नमुना उचलला; शाळाच बंद राहील हे सांगूनही उपयोग झाला नाही, बाईंनी विचारले तर, हा त्यांचा मुद्दा होता. माझे निरीक्षण असे की, ज्याबद्दल पुढेमागे कोणी जाब विचारील तोच जिन्नस गाडीत चढला. ज्याचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत तो टीव्ही भिंतीवर बापुडवाणा लटकत राहिला.

खरा तंटा डिकीपाशी झाला. सुनेचे माहेर पुण्याचे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे पाणी आले तेव्हा तिच्या आजीने पदरात फक्त देव बांधून घर सोडले, हा त्या घराण्याचा दाखला. आमच्या घराण्याचा दाखला सप्टेंबर 2023 मधील : नागपूरच्या अंबाझरी तलावाचे पाणी अंगणात शिरल्यावर आई लोणच्याची बरणी घेऊन माळ्यावर गेली आणि आपण विजेच्या जुन्या बिलांची फाइल घेऊन. तडजोड म्हणून बाळकृष्ण चिरंजीवांच्या मांडीवर बसले व बरणी माझ्या पायाशी.

आश्रय मिळाला सेरिटोसला, एका नागपूरकर स्नेह्यांकडे. तेथे 9 तारखेस दुपारी चहाच्या वेळी सर्वांचे मोबाइल एकदम किंचाळले : स्थलांतराची तयारी करा! ही सूचना सुमारे एक कोटी वस्तीच्या अख्ख्या लॉस एंजेलिस परगण्यास चुकून गेली होती व थोड्याच वेळात ती रद्दही झाली. परंतु तेवढ्यात यजमानीणबाईंनी फ्रीजरमधली सारी संत्राबर्फी टेबलावर मांडली होती आणि यजमान हार्मोनियम उचलून दारात पोहोचले होते. सुनेने माझ्याकडे पाहिले, मी पुरणयंत्राकडे.

हे सारे आपणांसच लिहितो, येथे कोणापाशी बोलत नाही. शेजारच्या ऑल्टाडीनात व आसपास 9,000 हून अधिक इमारती भस्मसात झाल्या, माणसे गेली. ज्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी निघावे लागले, त्यांच्यापुढे डिकीतल्या भांडणाची कथा कोणत्या तोंडाने सांगावी?

आमच्याकडे राख आणि धूर तेवढा शिरला. धुराचा व राखेचा संसर्ग झालेले अन्न टाकून द्यावे, असा आरोग्य खात्याचा सल्ला असल्याने आईच्या मुंगवड्या, कुरड्या, सरगुंडे आणि भिवापुरी तिखट यांची जड अंतःकरणाने रवानगी केली. विमा कंपनीस आता नुकसानीची जिन्नसवार यादी हवी आहे : खरेदीची तारीख, मूल्य, वापरामुळे झालेला घसारा. मुंगवडीवर घसारा किती टक्के धरावा, हे आपण लेखा खात्यात उभी हयात घालविली असल्याने आपणच ठरवावे. आईने दर कळवावा, गच्चीवर उन्हात बसून कावळे हाकल्याची मजुरी धरून. आणि भिडेपोटी कमी सांगू नये. डाळीची पावती आपल्या दप्तरात असणारच, तिची सत्यप्रत परतटपाली धाडावी.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक मुलगा